चार इन्स्ट्रक्शन नसलेला मिप्स: लेक्सरा प्रोसेसरसाठी टूलचेन कशी बांधायची

घरात एक जुना वायफाय राउटर पडून होता. ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम, आत रियलटेकची आरटीएल८१९६ घराण्यातली चिप. बोर्डवर सिरियल पोर्टची चार भोकं होती, वायरी सोल्डर केल्या, कन्सोल मिळाला, आणि डोक्यात आलं की याच्यावर टाकीतल्या पाण्याची पातळी वाचणारा एक छोटा प्रोग्राम चालवूया, वीज अगदी थोडी लागते, चोवीस तास चालू ठेवला तरी चालतो, अजून काय पाहिजे. या चिपमधला प्रोसेसर मिप्स घराण्यातला, आणि लॅपटॉपवर मिप्सचा तयार क्रॉस कंपायलर होताच, म्हणजे लॅपटॉपवर बसून मिप्ससाठी प्रोग्राम बनवणारा. 'नमस्कार' छापणारा प्रोग्राम कंपाइल केला, राउटरवर टाकला, चालला. मग खरा प्रोग्राम टाकला, तर एका ओळीत उत्तर आलं: इल्लीगल इन्स्ट्रक्शन. म्हणजे प्रोसेसर म्हणतोय की तुम्ही जे सांगताय ते मला येतच नाही.

कंपायलरचं काहीतरी चुकलं असेल म्हणून मी फाइल तपासली. हेडरमध्ये स्वच्छ लिहिलेलं, ३२ बिट, बिग एंडियन (म्हणजे आकड्याचा सगळ्यात मोठा बाइट आधी), मिप्स-१. मिप्स-१ म्हणजे या घराण्यातला सगळ्यात जुना, सगळ्यात साधा इन्स्ट्रक्शन संच, त्याच्या खाली काही नाहीच. मग राउटरवर सीपीयूची माहिती बघितली तर तिथे मॉडेलच्या जागी फक्त एक आकडा, ५२४८१. हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, लिहिला की सीडी०१ होतो, आणि सीडी०१ ही ओळख आहे आरएलएक्स४१८१ नावाच्या कोअरची, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोसेसरची. हा कोअर रियलटेकचा, पण मूळ वंश लेक्सरा नावाच्या कंपनीचा. आणि लेक्सराच्या प्रोसेसरमध्ये मिप्स-१ मधल्या चार इन्स्ट्रक्शन नाहीत. मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. त्या का नाहीत हे कळल्याशिवाय टूलचेनचं, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्या साधनांच्या संचाचं, काम नीट कळत नाही, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

मिप्स प्रोसेसर मेमरीकडे चार-चार बाइटच्या खोक्यांची रांग म्हणून बघतो. पत्ता ०, ४, ८, १२ असा असेल तर चार बाइटचा आकडा एका झटक्यात उचलता येतो. पण आकडा पत्ता ६ पासून सुरू होत असेल तर त्याचे दोन बाइट एका खोक्यात आणि दोन शेजारच्या खोक्यात पडतात, याला म्हणतात अनअलाइन्ड. साध्या लोड इन्स्ट्रक्शनने तो उचलायला गेलात तर प्रोसेसर थेट एक्सेप्शन देतो, म्हणजे काम थांबवून अडचण कळवतो. यावर मिप्सच्या लोकांनी सुंदर उपाय काढला होता, चार इन्स्ट्रक्शन: एलडब्ल्यूएल, एलडब्ल्यूआर, एसडब्ल्यूएल, एसडब्ल्यूआर. पहिल्या दोन लोडच्या, पुढच्या दोन स्टोअरच्या, आणि शेवटचं अक्षर लेफ्ट किंवा राइट. बिग एंडियन मशिनवर पत्ता ६ चा आकडा हवा असेल तर एलडब्ल्यूएल ६ ला लावा, ती ६ आणि ७ हे बाइट उचलून रजिस्टरच्या (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) वरच्या अर्ध्यात ठेवते, लगेच एलडब्ल्यूआर ९ ला लावा, ती ८ आणि ९ उचलून खालच्या अर्ध्यात ठेवते आणि वरच्या अर्ध्याला हात लावत नाही. दोन इन्स्ट्रक्शनमध्ये काम फत्ते.

ही युक्ती इतकी चांगली होती की तिचं अमेरिकेत पेटंट घेतलं गेलं, क्रमांक ४,८१४,९७६. अर्ज डिसेंबर १९८६ चा, मंजुरी १९८९ ची. पुढे १९९७ मध्ये लेक्सरा कंपनी निघाली, मॅसॅच्युसेट्समध्ये. तिचा धंदा सरळ होता, मिप्स-१ शी जुळणारे प्रोसेसर कोअर स्वतः डिझाइन करायचे आणि चिप बनवणाऱ्यांना विकायचे. इन्स्ट्रक्शन संच म्हणजे एक भाषा, आणि ती भाषा बोलणारा प्रोसेसर कुणीही स्वतः बनवू शकतो, पण या चार इन्स्ट्रक्शनवर पेटंट, म्हणून लेक्सराने त्या चार सोडून बाकी सगळं केलं. तरी १९९८ मध्ये मिप्स कंपनीने ट्रेडमार्कवरून दावा लावला, त्यात ठरलं की लेक्सराने आपल्या कोअरमध्ये या इन्स्ट्रक्शन नाहीत हे स्पष्ट लिहायचं. आणि १९९९ मध्ये दुसरा दावा आला तो थेट पेटंटवरच. त्यात मुद्दा असा की प्रोसेसरमध्ये एलडब्ल्यूएल नसली तरी ती भेटल्यावर एक्सेप्शन येतं आणि एक्सेप्शन हाताळणारं सॉफ्टवेअर साध्या इन्स्ट्रक्शन वापरून तेच काम करून देऊ शकतं, मग हेही पेटंटमध्येच बसतं. म्हणजे जी गोष्ट तुम्ही ठेवलीच नाही तिची नक्कल दुसरा कुणी सॉफ्टवेअरमध्ये करू शकेल म्हणून तुम्ही दोषी. मला हा युक्तिवाद आजही पटत नाही, पण एका छोट्या कंपनीला इतक्या वर्षांची कोर्टबाजी परवडत नाही हेही खरं. २००१ मध्ये तडजोड झाली, लेक्सराने कोअर विकणं सोडलं आणि पुढे दोन वर्षांत कंपनीच आटोपली. पेटंटची मुदत संपली डिसेंबर २००६ ला.

पण तोवर रियलटेकने लेक्सराचे कोअर घेतलेले होते, आणि त्या कोअरची पोरंबाळं स्वस्त राउटरच्या चिपमध्ये पुढची कितीतरी वर्षं चालत राहिली, आरएलएक्स४१८१, आरएलएक्स५२८१ वगैरे. पेटंट संपलं तरी या कोअरमध्ये त्या चार इन्स्ट्रक्शन काही आल्या नाहीत. म्हणून आजही अशा राउटरवर स्वतःचं काही चालवायचं असेल तर त्या १९९९ च्या भांडणाशी गाठ पडते.

आता टूलचेन म्हणजे काय ते बघू. क्रॉस कंपायलर म्हणजे एका मशिनवर बसून दुसऱ्याच जातीच्या मशिनसाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर. मी लॅपटॉपवर इंटेलच्या प्रोसेसरवर काम करतोय, तयार होणारी फाइल मात्र मिप्ससाठी. राउटरवरच कंपाइल करायचं म्हटलं तर ३२ एमबी रॅममध्ये जीसीसी हा कंपायलर श्वाससुद्धा घेणार नाही, म्हणून दुसरा रस्ता नाही. हे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरासाठी रेसिपी लिहून देण्यासारखं आहे. तुमच्याकडे मिक्सर आहे, तिथे फक्त पाटा-वरवंटा. रेसिपीत 'मिक्सरमधून काढा' असं एका जागी जरी राहिलं तरी तिकडचा माणूस अडून बसणार, आणि नेमकं कधी अडणार तर त्या ओळीपर्यंत आल्यावर, आधी नाही. माझा 'नमस्कार' चालला आणि खरा प्रोग्राम पडला त्याचं कारण हेच. पाणी मोजणाऱ्या सेन्सरच्या पॅकेटमध्ये पहिला एक बाइट प्रकाराचा आणि लगेच पुढे चार बाइट रीडिंगचे, मी त्याच्यासाठी पॅक्ड स्ट्रक्चर (मधे रिकामी जागा न सोडणारी मांडणी) लिहिलं होतं, म्हणजे रीडिंग पत्ता १ पासून सुरू, आणि कंपायलरने तिथे इमानदारीत एलडब्ल्यूएल-एलडब्ल्यूआर ची जोडी टाकली. त्याच्या मते हा मिप्स-१ आहे आणि मिप्स-१ ला या येतातच.

लोकांना वाटतं टूलचेन म्हणजे कंपायलर, पण कंपायलर हा त्यातला एक भाग. जीसीसी आपला सी कोड वाचून असेंब्ली लिहितो, ती असेंब्ली खऱ्या आकड्यांमध्ये बदलतो असेंब्लर, सगळे तुकडे जोडतो लिंकर, हे दोघं बिनयुटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये येतात. मग लागते सी लायब्ररी, प्रिंटएफ, मेमकॉपी, मॅलॉक सगळं तिच्यात, ग्लिबसी, मसल, यूसीलिबसी-एनजी यातली कुठलीतरी एक. सोबत लिनक्स कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, हेडर फाइल, कारण लायब्ररीला कर्नलशी बोलायचं असतं. आणि एक लपलेला मेंबर म्हणजे लिबजीसीसी, प्रोसेसरला जे एका इन्स्ट्रक्शनमध्ये जमत नाही, जसं ६४ बिटचा भागाकार किंवा एफपीयू (दशांशाची गणितं करणारा प्रोसेसरचा भाग) नसताना ती गणितं, त्याची फंक्शन याच्यात असतात आणि जीसीसी गुपचूप त्यांना बोलावतो.

बांधायचा क्रम ठरलेला आहे, आणि पहिल्यांदा करणारा हमखास गोंधळतो कारण जीसीसी दोनदा बांधावा लागतो. आधी बिनयुटिल्स. मग जीसीसीचा पहिला फेरा, फक्त सी, लायब्ररी नाही, हेडर नाही, जेमतेम कामापुरता, आणि त्याच्यासोबत लिबजीसीसी. मग कर्नलची हेडर. मग या अर्धवट जीसीसीने सी लायब्ररी कंपाइल करायची. आणि शेवटी ती लायब्ररी हाताशी धरून जीसीसी पुन्हा पूर्ण बांधायचा, सी प्लस प्लस सकट. कोंबडी आधी की अंडं असा प्रकार आहे, लायब्ररी बनवायला कंपायलर पाहिजे आणि पूर्ण कंपायलरला लायब्ररी पाहिजे, म्हणून मधे ती लंगडी पायरी. सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये, ज्याला सिसरूट म्हणतात, त्यात ठेवायचं, नाहीतर लॅपटॉपची स्वतःची हेडर मधेच घुसतात आणि मग येणारे एरर वाचून काही अर्थ लागत नाही. बिल्डरूट आणि क्रॉसटूल-एनजी ही हे सगळं आपोआप करणारी साधनं आहेत, दोघांमध्येही आपले पॅच, म्हणजे कोडमध्ये केलेले बदल, ठेवायला जागा आहे, आणि मी तर म्हणेन एकदा हाताने बांधून बघा आणि मग यांच्याकडे वळा, कारण हाताने बांधल्याशिवाय कुठल्या पायरीवर काय होतं ते अंगात मुरत नाही.

नाव ठेवताना एक सोय आहे. टूलचेनचं नाव तीन-चार तुकड्यांचं असतं, प्रोसेसर, विक्रेता, सिस्टिम, लायब्ररी. यातला विक्रेत्याचा तुकडा बहुतेक ठिकाणी कुणी तपासत नाही, तिथे 'लेक्सरा' लिहून टाका, म्हणजे मिप्स-लेक्सरा-लिनक्स-मसल. याने कोड बदलत नाही, पण सहा महिन्यांनी दोन टूलचेन शेजारी शेजारी पडलेल्या असतील तेव्हा कुठली कुठली ते कळतं. एंडियन मात्र नीट बघा, ही चिप बिग एंडियन, म्हणून 'मिप्स', 'मिप्सेल' नाही, 'मिप्सेल' म्हणजे लिटल एंडियन.

आता खरं काम, जीसीसीला सांगायचं की चार इन्स्ट्रक्शन नाहीत. पूर्वी हे कटकटीचं होतं, अनअलाइन्ड लोड-स्टोअरचा कोड जिथे जिथे बनतो तिथे जाऊन हात घालावा लागायचा. पण मधे एक मजेशीर गोष्ट घडली. २०१४ मध्ये मिप्सची सहावी आवृत्ती आली आणि तिच्यात मिप्सच्याच लोकांनी या चार इन्स्ट्रक्शन काढून टाकल्या. ज्यांच्यावरून कोर्टात गेले त्याच. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. पण त्याचा आपल्याला फायदा असा झाला की जीसीसी ५ पासून, म्हणजे २०१५ पासून, जीसीसीला 'या चार इन्स्ट्रक्शन नसलेला मिप्स' ही कल्पना समजते. मिप्सच्या मुख्य हेडर फाइलमध्ये एक मॅक्रो आहे, तो म्हणतो की आवृत्ती पाच किंवा खालची असेल आणि मिप्स१६ मोड (१६ बिटच्या आखूड इन्स्ट्रक्शनचा) नसेल तर एलडब्ल्यूएल-एलडब्ल्यूआर आहेत असं धरा. आपण फक्त एक अट वाढवायची, 'आणि प्रोसेसर लेक्सरा नसेल तर'. ती अट खोटी ठरली की जीसीसी स्वतःहून बाइट-बाइटचा रस्ता धरतो.

प्रोसेसर लेक्सरा आहे हे त्याला कळावं म्हणून मिप्सच्या सीपीयूंची जी यादी आहे तिच्यात एक ओळ वाढवायची, नाव आपलं, इन्स्ट्रक्शन संच मिप्स-१. इथे एक खाच आहे. ती यादी बदलल्यावर तिच्यावरून तयार होणारी पर्यायांची दुसरी फाइल एका छोट्या स्क्रिप्टने पुन्हा बनवावी लागते. ते राहिलं तर जीसीसी बिनबोभाट बांधला जातो आणि वापरताना म्हणतो की हे नाव मला माहीत नाही. आणि कॉन्फिगर करताना हा सीपीयू डीफॉल्ट ठेवा, दशांश गणितं सॉफ्ट-फ्लोट, म्हणजे सॉफ्टवेअरमधून होणारी, ठेवा कारण एफपीयू नाही, आणि मल्टिलिब बंद करा. मल्टिलिब म्हणजे जीसीसी एकाच वेळी अनेक प्रकारच्या मिप्ससाठी लिबजीसीसीच्या वेगवेगळ्या प्रती बनवून ठेवतो, त्यातली चुकीची प्रत लिंक झाली तर शोधताना दमछाक होते. एकच प्रोसेसर, एकच प्रत.

मिप्स-१ निवडण्यात अजून एक गोष्ट आपोआप सांभाळली जाते. मिप्स-१ मध्ये लोड केल्यावर लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनमध्ये ती व्हॅल्यू वापरता येत नाही, मधे एक जागा सोडावी लागते, दुसरं काही काम नसेल तर नॉप, म्हणजे काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन, भरावा लागतो. मिप्स या नावातच ते आहे, पायपलाइनमध्ये आपोआप थांबवणारी कडी नसलेला मायक्रोप्रोसेसर. मिप्स-१ सांगितलं की ही काळजी टूलचेन घेते. वरच्या आवृत्तीचं नाव दिलंत तर मात्र घेणार नाही.

आता बिनयुटिल्स. इथे बरेच जण म्हणतात असेंब्लरला कशाला हात लावायचा, जीसीसी त्या इन्स्ट्रक्शन काढतच नाही ना आता. घोडं पेंड खातं ते इथेच. असेंब्लरमध्ये यूएलडब्ल्यू सारखे काही मॅक्रो आहेत, 'अनअलाइन्ड लोड कर' एवढंच लिहायचं, असेंब्लर त्याच्या जागी स्वतःच एलडब्ल्यूएल-एलडब्ल्यूआर टाकतो. म्हणजे कंपायलर स्वच्छ असूनही त्या मागच्या दाराने येऊ शकतात. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बिनयुटिल्समध्ये मिप्सच्या सगळ्या इन्स्ट्रक्शनचा एक मोठा तक्ता आहे, प्रत्येक ओळीत नाव, आकडा, कुठल्या आवृत्तीपासून आहे, आणि कोणासाठी वगळायची ते. एलडब्ल्यूएल चा आकडा हेक्समध्ये ८८ ने सुरू होतो, एलडब्ल्यूआर चा ९८ ने, एसडब्ल्यूएल चा ए८ ने, एसडब्ल्यूआर चा बी८ ने. सहाव्या आवृत्तीसाठी या चार ओळींवर वगळण्याची खूण आधीपासून आहे, तशीच लेक्सरासाठी करायची. असं केलं की कुणाच्याही कोडमध्ये एलडब्ल्यूएल लिहिलेली असेल तर असेंब्लर तिथेच एरर देऊन थांबतो, फाइलचं नाव, ओळीचा नंबर सकट. राउटरवर जाऊन रात्री अकरा वाजता प्रोग्राम पडण्यापेक्षा लॅपटॉपवर बिल्ड अडकलेला कधीही बरा. मला विचाराल तर अख्ख्या टूलचेनमधली सगळ्यात कामाची गोष्ट ही चार ओळींची खूण आहे, जीसीसीच्या पॅचपेक्षाही.

कारण खरा त्रास हाताने लिहिलेल्या असेंब्लीचा आहे. कंपायलर कितीही शहाणा केला तरी माणसाने थेट लिहिलेली असेंब्ली त्याच्या हातातून जातच नाही, ती जशीच्या तशी असेंब्लरकडे जाते. आणि मिप्ससाठी वेगवान कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला या चार इन्स्ट्रक्शन अतिशय प्रिय, साहजिकच आहे, त्या आहेतच तशा. यूसीलिबसी-एनजीच्या मिप्सच्या मेमकॉपी आणि मेमसेटमध्ये त्या आहेत. ओपनएसएसएलच्या मिप्ससाठीच्या हॅश आणि एईएसच्या असेंब्लीत आहेत, म्हणून ओपनएसएसएल बांधताना असेंब्ली बंद असा पर्याय द्यावाच लागतो, वेग कमी होतो पण चालतं तरी. लिनक्स कर्नलच्या मिप्सच्या मेमकॉपीत आहेत, मेमसेटमध्ये आहेत. कर्नलमध्ये २०१८ च्या सुमारास 'या सीपीयूला लोड-स्टोअर लेफ्ट-राइट आहे की नाही' हे सांगणारी कॉन्फिगची सोय आली, त्यामुळे आता तिथे तरी प्रत्येक फाइल फाडून बसावं लागत नाही. आणि गो भाषेचा विचार करत असाल तर सोडून द्या, गोचा कंपायलर स्वतःचा, तो जीसीसीला विचारत नाही, आणि त्याला कमीत कमी मिप्स-३२ लागतं.

सी लायब्ररी म्हणून मी मसल घेतली त्याचं मुख्य कारण हेच. मसलमध्ये मिप्ससाठी मेमकॉपी असेंब्लीत लिहिलेलीच नाही, साध्या सी मध्ये आहे, पत्ते जुळत नसतील तर अख्खे शब्द उचलून शिफ्ट करून जोडते. म्हणजे कंपायलर नीट तर मसल नीट. तरी तिथे मुख्य दोन गोष्टी आहेत ज्या मिप्स-१ मध्ये नाहीत. एक म्हणजे एलएल-एससी ही अॅटॉमिक, म्हणजे मधे कुणी शिरू न शकणाऱ्या, कामांची जोडी, दुसरी थ्रेडचा पत्ता वाचणारी आरडीएचडब्ल्यूआर. पण या दोन्हींची नक्कल कर्नल करतो. प्रोसेसर अडला की एक्सेप्शन येतं, कर्नल बघतो कुठली इन्स्ट्रक्शन होती, तिचं काम स्वतः करतो आणि प्रोग्रामला पुढे ढकलतो. जीसीसीसुद्धा लिनक्ससाठी बांधताना एलएल-एससी आहेतच असं धरून चालतो, कर्नल सांभाळून घेईल या भरवशावर.

मग साहजिक प्रश्न, एलडब्ल्यूएल ची पण अशीच नक्कल कर्नलमध्ये का नाही करायची, टूलचेनचा खटाटोपच नको. करता येते. पेटंटच्या भांडणात जो मुद्दा होता तो नेमका हाच. पण हिशोब बघा. एलडब्ल्यूएल-एलडब्ल्यूआर ऐवजी जीसीसी जे काढतो ते असं: चार वेळा एक-एक बाइट लोड, तीन शिफ्ट, तीन ऑर, मिळून दहा इन्स्ट्रक्शन. दोनाच्या जागी दहा, वाईट वाटतं ऐकायला, पण दहाच. नक्कल करायची तर प्रत्येक इन्स्ट्रक्शनला प्रोसेसर कर्नलमध्ये उडी मारणार, सगळी रजिस्टर जपून ठेवणार, आकडा उलगडणार, बाइट गोळा करणार, रजिस्टर परत भरणार आणि मग परत येणार, आणि हे जोडीतल्या दोघींसाठी दोनदा. एलएल-एससी सारखी कधीतरी येणारी गोष्ट असेल तर खपून जातं. एलडब्ल्यूएल मात्र मेमकॉपीच्या लूपमध्ये असते.

आणि राउटरमध्ये तर अनअलाइन्ड पत्ते पावलोपावली. इथरनेटचं हेडर १४ बाइटचं, सहा बाइट कुणाला, सहा बाइट कुणाकडून, दोन बाइट प्रकार. १४ ला चारने भागलं की उरतात दोन. म्हणजे पॅकेट मेमरीत चारच्या पटीच्या पत्त्यावर उतरवलं तर त्यातलं आयपी हेडर दोन बाइटने सरकलेलं, आणि त्यातले दोन्ही आयपी पत्ते, जे प्रत्येक पॅकेटला वाचावेच लागतात, तेही सरकलेले. म्हणून लिनक्समध्ये ड्रायव्हरनी बफरच्या सुरुवातीला दोन बाइट रिकामे सोडायची पद्धत आहे, १४ आणि २ सोळा, मग आयपी हेडर बरोबर खोक्याच्या तोंडाशी येतं. दोन रिकाम्या बाइटवर अख्ख्या राउटरचा वेग अवलंबून असतो ही गोष्ट मला फार आवडते.

बांधून झालं की तपासायचं कसं. पहिला विचार येतो क्यूईएमयूचा, लॅपटॉपवरच मिप्सचं नकली मशिन, त्याच्यावर चालवून बघू. इथे फसू नका. क्यूईएमयूचे नेहमीचे मिप्स सीपीयू या चारही इन्स्ट्रक्शन आनंदाने चालवतात, त्यामुळे तिथे सगळं हिरवं दिसेल आणि राउटरवर पडेल. बाकी लॉजिक तपासायला तो उत्तम, पण या एका गोष्टीसाठी त्याची साक्ष धरायची नाही. फाइलच्या हेडरवर पण भरवसा नाही, तिथे लेक्सराचा असो की खऱ्या मिप्सचा, 'मिप्स-१' एवढंच दिसतं, बाहेरून दोघे जुळे भाऊ. खात्रीचा रस्ता एकच, तयार झालेली प्रत्येक फाइल ऑब्जडंपने, म्हणजे बिनयुटिल्समधल्याच एका साधनाने, परत असेंब्लीत उलगडायची आणि त्यात ती चार नावं शोधायची. एक सापडली तरी कुठेतरी पाणी मुरतंय. मात्र एक सांभाळा, उलगडणारा ऑब्जडंप साध्या मिप्सचा वापरा, आपण पॅच केलेल्याला लेक्सराचा सीपीयू सांगितला तर त्याच्या लेखी त्या इन्स्ट्रक्शन अस्तित्वातच नाहीत, तो नुसता आकडा छापेल आणि नाव शोधून सापडणार नाही.

मी हे लायब्ररीपासून सुरू केलं. लिबजीसीसी शून्य. मसल शून्य. मग बिझीबॉक्स, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या कमांडचा छोटा संच, बांधला, शून्य. मग माझा प्रोग्राम, आणि त्यात एलडब्ल्यूएल दोन, एलडब्ल्यूआर दोन. अर्धा तास गेला. मी सेन्सरच्या प्रोटोकॉलसाठी एक तयार स्टॅटिक लायब्ररी वापरली होती, ती आधीच्या टूलचेनने कंपाइल केलेली तशीच पडली होती, बिल्डने ती उचलून जोडली. असेंब्लर अडवणार कसा, ती त्याच्याकडे आलीच नाही, थेट लिंकरकडे गेली. आणि लिंकर इन्स्ट्रक्शन बघत नाही, तो हेडर बघतो, हेडर म्हणतं मिप्स-१, जुळलं. जुने सगळे ऑब्जेक्ट पुसून सगळं पुन्हा बांधलं.

या वेळी शोधात काही आलं नाही. मग मुद्दाम रीडिंग वाचणाऱ्या फंक्शनचा उलगडा स्क्रीनवर काढला. जिथे आधी दोन ओळी होत्या तिथे आता पत्ता १, २, ३, ४ वरून एकेक बाइट उचलणारे चार लोड, २४ ने शिफ्ट, १६ ने शिफ्ट, ८ ने शिफ्ट, आणि ऑर, ऑर, ऑर. मोजल्या, दहाच. फाइल राउटरवर पाठवली, परवानगी दिली, चालवली. कर्सर दोन सेकंद तसाच लुकलुकत राहिला आणि मग पहिली ओळ आली, पातळी ११२ सेंटिमीटर. मी गच्चीवर जाऊन टाकीत काठी घालून बघितली, दोन बोटांचा फरक होता.